अस्सलरावांच्या गाडीचं स्टिअरिंग

बाजारातल्या कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान होतं. त्याच्या मालकांना लोक पाठीमागे अस्सलराव म्हणायचे. हे त्यांच्या कानावर आलं होतं, पण रागावण्याऐवजी ते सुखावले होते. मनगटावरचं घड्याळ अस्सल, बुटांचं कातडं अस्सल, घरातल्या टेबलाचं लाकूड अस्सल. नक्कल म्हटली की त्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. दुकानात मात्र तीच पाल गिऱ्हाइकाच्या अंगावर सोडायला त्यांची हरकत नसे. एखाद्या बाईंनी मोठ्या कंपनीची फ्रेम हातात घेतली आणि किंमत ऐकून परत ठेवली, की अस्सलराव खालच्या खणातून हुबेहूब तसलीच दुसरी काढत आणि प्रेमाने म्हणत, "नावाचे पैसे कशाला मोजायचे ताई? नाकाला काय कळतंय?"

त्यांचा जीव अडकला होता तो एका गाडीत. लाल, उघडी, ठेंगणी, फक्त दोन माणसांची स्पोर्ट्स कार. वयाने त्यांच्यापेक्षा थोडीच लहान. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाय आत सारायचे, मग कंबर, मग मान, असं स्वतःची घडी घालून बसावं लागे. उतरताना कुणीतरी हात दिला तर बरं. त्यांच्या बायकोचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. ती म्हणायची, "अहो, तुमच्यासारखे आणखी दहा गाडीवाले या गावात असते ना, तर मी दवाखान्यावर एक मजला चढवला असता."

अस्सलराव ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि चष्मे पुसायच्या मऊ कापडाने गाडीचे दिवे पुसत बसत.

गाडीची तब्येत तशी बरी होती. फक्त वळायचं तिच्या जिवावर येई. स्टिअरिंग चांगलं चौथाई फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ता नसे, आणि पत्ता लागला की ती एकदम दचकून वळत. मिस्त्री याला 'प्ले' म्हणतात. अस्सलराव याला स्वभाव म्हणत. "आजकालच्या गाड्या उथळ. हात लावला की वळल्या! ही विचार करून वळते."

एका सकाळी ती फारच विचारात पडली. बायकोला शेजारी बसवून ते चौकातल्या गोल बागेला वळसा घालत होते. बाहेर पडायचा रस्ता आला, त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि चाकांचं एकमत होईपर्यंत रस्ता मागे गेला. पुन्हा वळसा, पुन्हा तेच. वाहतूक पोलिसाने पहिल्या फेरीला शिट्टी वाजवली, दुसऱ्या फेरीला हात करून बाकीच्या गाड्या थांबवल्या, आणि त्यानंतर छत्रीखालची खुर्ची ओढून निवांत बघत बसला.

घरी आल्यावर बायकोने त्यांना थेट दवाखान्यात नेलं. तिथे कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा उभा होता. तिने त्याचा हात धरून खांदा फिरवून दाखवला. "हे बघा. इथे वाटी, वाटीत गोळा. गोळा झिजला, वाटी सैल झाली, की माणूस हात उचलतो एकीकडे आणि जातो दुसरीकडे. तुमच्या गाडीचा खांदा निखळलाय. मिस्त्रीकडे न्या."

मिस्त्री गप्पिष्ट होता. त्याने गाडी वर उचलली, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि मान हलवली. "टाय रॉडची दोन्ही टोकं गेली. चाकाला वळवणारा दांडा असतो ना, त्याच्या टोकाला वाटीत गोळी असते. ती आता वाटीत नाचतेय. दांड्याला आतून आधार देणाऱ्या बुशाही गेल्या." बोलता बोलता त्याने फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून दोन तुकडे काढले. त्यांच्यावर ना नाव, ना गाव. "हे टाकू. चालून जाईल."

"गॅरंटी?"

"साहेब, स्टिअरिंगचा पार्ट तुटला तर तुम्ही गॅरंटी मागायला येणार कसे?"

विनोद म्हणून हे वाईट नव्हतं, पण बायको हसली नाही. तिने इकडेतिकडे चौकशी करून एक पत्ता मिळवला. गावाबाहेर एका बाईंचा छोटा कारखाना होता. जुन्या गाड्यांचे, कंपनीने कधीच बंद केलेले पार्ट तिथे नव्याने बनत. अस्सलरावांनी नाइलाजाने फोन लावला. बाईंनी गाडीचं साल विचारलं, दांड्याचे आटे डावे की उजवे ते विचारलं, टोक किती निमुळतं होत जातं ते मोजून आणायला सांगितलं. गोळी कुठल्या पोलादाची आहे, तिला पाणी कसं दिलंय, वरची रबरी टोपी कशाची आहे, हेही त्या सांगू लागल्या. अस्सलरावांनी मधेच तोडलं.

"डब्यावर कंपनीचा शिक्का आहे का?"

"नाही. आमचा आहे."

"म्हणजे नक्कल."

"नक्कल नाही हो, नवा आहे."

"तेच ते," म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि अंगावरची पाल झटकली.

आता या गोष्टीत मेहुणा येतो. बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे अगदी हीच गाडी होती, फक्त हिरवी. जुन्या गाड्यांच्या क्लबात हे दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फिरत आणि पाठ वळली की एकमेकांच्या गाडीचे स्क्रू तपासत. मेहुण्याला खबर लागताच तो धावत आला. "दाजी, ऐरेगैरे पार्ट लावाल तर क्लबात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. माझ्या ओळखीत एकाकडे जुना माल आहे. कंपनीचा. न वापरलेला. डबाबंद!"

डबाबंद या शब्दावर अस्सलराव विरघळले.

डबा आला. पिवळट पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेले, वर कंपनीचं चिन्ह अर्धं पुसलेलं. त्यांनी तो दुकानात महागड्या फ्रेमांच्या काचेच्या कपाटात ठेवला. क्लबचे लोक बघायला येऊ लागले. बाळ बघायला यावं तसे येत, हळू आवाजात बोलत, आणि हात लावू का म्हणून विचारत. एकाने डोळे मिटून डब्याचा वास घेतला आणि म्हणाला, "हा त्या काळचा वास." अस्सलरावांच्या बायकोच्या मते तो उंदराचा वास होता.

डबा फोडायचा दिवस उजाडला तेव्हा अस्सलरावांनी तो मिस्त्रीकडे नेला आणि आधी स्वतःचे हात पुसले. आतले पार्ट चकचकीत होते, पण रबरी टोपीला बोट लागताच तिला वाळल्या पानासारखी चीर गेली. आतलं ग्रीस साबणाच्या वडीसारखं थिजलं होतं. बायकोने एक टोक हातात घेऊन गोळी फिरवून बघितली. ती हलेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती करकरत जराशी फिरली आणि तिथेच बसली.

"अहो, हा सांधा आखडलाय."

"नवा आहे म्हणून घट्ट आहे. वापरात सैल होईल."

"नवा? आपल्या लग्नाआधीचा आहे हा."

"आपण नाही का टिकलो?"

यावर बायकोने त्यांच्याकडे जे बघितलं, ते बघून मिस्त्रीनेही मान खाली घातली. पण मजुरी मिळणार होती, आणि आपला पत्र्याच्या डब्यातला माल नाकारल्याचा राग होताच. "चालून जाईल," असं म्हणून त्याने पार्ट बसवले.

पुढच्याच आठवड्यात क्लबची सहल होती, डोंगरातल्या रस्त्याने वरपर्यंत. मेहुणा मुद्दाम लाल गाडीत बसला. त्याला अस्सल स्टिअरिंग जवळून बघायचं होतं. मागून बायको आपल्या साध्या पांढऱ्या गाडीतून येत होती, कारण परत आणायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं होतं.

सरळ रस्त्यावर गाडी झोकात चालली. अस्सलराव खुशीत होते. "बघितलंस? प्ले नावाला नाही."

"कंपनी ती कंपनी, दाजी!"

डोंगर लागायच्या आधी पेट्रोल पंप होता. सगळे तिथे थांबणार होते. अस्सलरावांनी डावीकडे वळवलं आणि गाडी आज्ञाधारकपणे वळली. मग ते सरळ करायला गेले, तर स्टिअरिंग हलेना. थिजलेली गोळी वाटीत जिथे पोचली तिथेच ठाण मांडून बसली होती. गाडी डावीकडे, आणखी डावीकडे जात राहिली. डावीकडे गाड्या धुण्याचं यंत्र होतं.

"दाजी, इकडे कुठे?"

"मी नाही चाललोय, ती चाललीय!"

त्यांनी ब्रेक दाबला. पण समोर साबणाच्या पाण्याने ओला झालेला उतार होता. गाडी घसरली आणि बरोबर ब्रशांच्या मधोमध जाऊन थांबली. धुण्याचं काम बघणारा माणूस गिऱ्हाइकाच्या मर्जीत ढवळाढवळ करणाऱ्यांतला नव्हता. उघड्या गाडीत दोन प्रतिष्ठित माणसं बसून आत आली आहेत, तर त्यांची तशी इच्छा असणार. त्याने बटण दाबलं.

आधी पाणी आलं, मग फेस, मग दोन्ही बाजूंनी निळे ब्रश गरागरा फिरत आले. मेहुण्याची टोपी पहिल्याच ब्रशाने उचलली आणि ती वरच्यावर फिरत राहिली. तो ओरडत होता, पण तोंड उघडलं की आत फेस जात होता. अस्सलराव स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. त्याचा उपयोग नाही हे कळत असूनही ते सोडवत नव्हतं. शेवटी गरम हवा आली आणि दोघांचे केस मागे चिकटवून गेली. क्लबचे सगळे लोक बाहेर रांगेने उभे होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

बायको टॉवेल घेऊन आली. अस्सलराव आता टोमणा येणार म्हणून अंग चोरून बसले होते. तिने टॉवेल पुढे केला, पण त्यांनी तो घेतला तरी तो तिच्या हातातून सुटेना. ती म्हणाली, "इथे पंप होता म्हणून. पुढच्या वळणावर दरी आहे."

मेहुणा कान झटकत उतरला. "पार्टात खोट नाही, ताई. पार्ट अस्सल आहे. दाजींना चालवता येत नाही."

अस्सलरावांनी बायकोच्या हाताकडे बघितलं, मग मेहुण्याकडे. चाळीस वर्षं त्यांनी अस्सल माल ओळखला होता. "मूर्खा," ते म्हणाले, "आपण दोघं मेलो असतो ते मात्र अस्सल मेलो असतो."

गाडी टेम्पोवर चढून परत आली. तिसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून अस्सलराव गावाबाहेरच्या कारखान्यात गेले. बाईंनी पार्ट त्यांच्या हातात ठेवला. गोळी बोटाने फिरली. घट्ट, पण कुठेही न अडता, सगळीकडे सारखी. अस्सलराव ती फिरवत बसले. मग त्यांना प्रश्न फुटले. पोलाद कुठलं? टोपी उन्हाने फाटेल का? ग्रीस पुन्हा भरता येतं का? बाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. दोन्ही बाजू एकदम बदला, आतल्या बुशाही बदला, नाहीतर नवं टोक जुन्याच्या संगतीने बिघडेल, आणि बसवल्यावर चाकं सरळ रेषेत आहेत का ते यंत्रावर तपासून घ्या, असं बजावलं.

"आणि काही विचारायचं राहिलं का?" अस्सलरावांनी नम्रपणे विचारलं.

"राहिलं असेल तर डबा हुंगून घ्या. जुन्या गाडीवाले सगळे हुंगतात."

त्यांनी खरंच हुंगला. ताज्या रबराचा वास होता.

मिस्त्रीने तोंड वाकडं करून पार्ट बसवले. चाकं यंत्रावर तपासून झाली. अस्सलराव बायकोला घेऊन निघाले. त्यांनी वळवलं की गाडी वळत होती, सरळ केलं की सरळ होत होती. असल्या साध्या गोष्टीचा आनंद चारचौघांत दाखवायची त्यांना लाज वाटली, म्हणून ते शिट्टी वाजवत राहिले. परतताना बायकोने गाडी चालवायला मागितली. तिने ती इतकी सुरेख चालवली की अस्सलरावांना आपल्या पायाने नसलेला ब्रेक दाबायची गरजच पडली नाही. सवयीने त्यांनी दाबला ते वेगळं.

पण माणूस बदलतो म्हणजे काय, तर खोडीचं नाव बदलतं. अस्सलराव आता दर्जावर बोलू लागले. गिऱ्हाइकाला फ्रेमचं बिजागर उघडून दाखवत, लोखंडाला पाणी कसं देतात ते समजावत, आणि गिऱ्हाईक नंबर न तपासताच निघून जाई. खालच्या खणातल्या फ्रेमा त्यांनी एकेक वाकवून बघितल्या. बऱ्याच हातातच मोडल्या. उरलेल्या त्यांनी आणखी खालच्या खणात ठेवल्या. एकदम सगळं सोडणं माणसाला जमत नाही.

क्लबाच्या प्रदर्शनात लाल गाडीला अस्सल गटातून काढलं गेलं, कारण तिच्यात नवे पार्ट होते. पहिलं बक्षीस मेहुण्याच्या हिरव्या गाडीला मिळालं. ती टेम्पोवरून आली होती आणि टेम्पोवरूनच परत गेली. अस्सलराव मात्र लाल गाडीतून आले, टाळ्या वाजवल्या आणि गाडी चालवत घरी गेले.

आठवड्याभराने मेहुण्याचा फोन आला. अस्सलराव जेवत होते, म्हणून बायकोने फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"दाजी, त्या कारखानेवाल्या बाईंचा नंबर द्या ना. आणि हे बघा, ताईला सांगू नका."

अस्सलरावांनी बायकोकडे बघितलं. तिने घास गिळला, फोन जवळ ओढला आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंचे एकदम घे रे."