नवसीचे चार दिवस

सासष्ट साली आम्ही बोईसरला राहत होतो. माझा नवरा चंद्रभान तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर. आम्ही नगरकडची माणसं, इथे ना नात्याचं कुणी ना गोत्याचं. चाळीत शेजारणी होत्या, पण मला आपली वाटायची ती एकटी नवसी. मासवणच्या अलीकडच्या एका पाड्यावरून लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन ती दिवसाआड तीन कोस चालत यायची. पंचविशीची वारली बाई, बोलण्यात भारी कंजूष. मोळी टाकायची, तांब्याभर पाणी प्यायची, "येतां बाय" म्हणायची की चालू पडायची.

दसऱ्याच्या सुमाराला माझी मुलगी गेली. एकवीस दिवसांची होती, नावही ठेवलं नव्हतं. चाळीतल्या बायका आल्या, मन घट्ट कर म्हणाल्या आणि चहा पिऊन गेल्या. नवसीला ते दारातच कळलं. ती मोळी टाकून उंबऱ्यात बसली. एक शब्द बोलली नाही. दिवस कलेपर्यंत तशीच बसून राहिली. खरं सांगते, मला तेव्हा तिचा रागच आला होता. ही एकदाची जात का नाही, असं वाटत होतं.

त्यानंतर मी अंथरूण धरलं. पाच महिने. चूल चंद्रभान पेटवायचा, डबा तोच भरायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची. पाण्याला तेवढी उठायची, तेही त्यानं हात धरून उठवलं तर.

नवसीचा नवरा जिवल्या दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला होता. पाड्यावरची पुष्कळ माणसं अशी जायची आणि शिमग्याला परत यायची. घरात आंधळी सासू, म्हणून नवसी मागे राहिली होती. शिमगा आठ दिवसांवर आला तसा तिच्या बोलण्यात दर खेपेला एक वाक्य वाढलं, "आता येल तो."

त्या सोमवारी तिनं नुकतीच मोळी उतरवली होती आणि मी कळशी घेऊन दारात उभी होते. भिवंडीकडून बांधकामावर विटा नेणारा एक ट्रक चाळीपुढे थांबला. ड्रायव्हर उत्तरेकडचा, वयस्कर. बायको कुठल्या चाळीत मोळी टाकते ते जिवल्यानंच त्याला कधीतरी सांगितलं होतं. त्यानं गळ्यातला गमछा काढून हातात घेतला.

"जिवल्या की घरवाली?"

"हां," नवसी म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. "बहन, जिवल्या चल बसा." आणि एक बोचकं तिच्या पायाशी ठेवलं.

चल बसा म्हणजे वारला, एवढं हिंदी मला बोईसरनं शिकवलं होतं. माझ्या हातातली कळशी सुटली. आणि नवसी? नवसी हसली! "बेस झाला," म्हणाली, बोचकं उचललं आणि भरभर चालू पडली. ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. हिवतापानं गेला, भट्टीवरच्या लोकांनी तिथंच माती दिली, हे त्यानं मग मला सांगितलं. मी नुसती हं हं करत होते.

शेजारची रंभाबाई खिडकीतून सगळं बघत होती. "काळीज आहे का दगड?" ती म्हणाली. "ह्यांच्यात असंच असतं बाई."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तिच्या पायाचं तीर्थ घ्या," मी ओरडले. "नवरा गेला तरी डोळ्यात टिपूस नाही! जमेल तुम्हाला?"

पण ते मी रंभाबाईला कुठे, स्वतःलाच बजावत होते. मी त्या दिवशी न्हाले, केस विंचरले, चूल पेटवली. संध्याकाळी चंद्रभान दारातच थबकला. मी त्याला घडलं ते सांगितलं आणि म्हटलं, "ती उभी राहू शकते, मग मला काय धाड भरलीय?"

त्यानं डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "एकदा जाऊन ये तिच्याकडे."

"तिला कुणाची गरज नाही," मी म्हटलं. अगदी अभिमानानं म्हटलं.

बुधवारी नवसी आली ती केसांना तेल लावून. मोळी टाकली, पाणी प्यायली. मी मुद्दाम विषय काढला नाही. कशाला तिची खपली काढायची? ती गेल्यावर मी सगळी खोली झाडून काढली.

शुक्रवारी पाणी प्यायल्यावरही ती गेली नाही. तिथंच घुटमळली.

"बाय, भिवंडीकडनं यायला गाडीला किती दिस लागतात?"

"का गं?"

"ड्रायवरनं सांगला ना, जिवल्या चल बसा. चालला, गाडीत बसला. ओझां पुढं धाडलान. चार दिस झाले बसून. कुठं अटकला तो?"

जिच्याकडे बघून मी पाच महिन्यांनी उठले होते, ती बाई धीराची वगैरे काही नव्हती. ती नवऱ्याची वाट बघत होती!

"नवसे," मी म्हटलं, "त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा असतो. जिवल्या गेला गं."

"कुठं गेला?"

देवा रे! माझी भाषाही तिला तसंच फसवत होती. मग मला तो शब्द उच्चारावाच लागला. "मेला, नवसे. तापानं मेला."

ती मोळीला धरून हळूहळू खाली बसली.

"चंची पन बोचक्यात होती," ती म्हणाली. "तंबाकू सोडून तो चार पावलां नाय जायचा. सोमारपासून ह्या मनात येत होता. मीच म्हणत होती, गप रं मना."

मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"तुमाला ठावां होता?"

"हो."

"सोमारपासून?"

"हो."

"मंग तुमी आल्या का नाय?"

"मला वाटलं, तू खंबीर आहेस."

"खंबीर म्हंजी काय, बाय?"

चार दिवस मी तो शब्द मिरवत होते. तिनं मला कसलंही बळ दिलं नव्हतं, दिला होता तो दसऱ्याला माझ्या उंबऱ्यात बसून काढलेला एक अख्खा दिवस, आणि तो मी विसरले होते. शरमेनं मला मान वर करता येईना.

चंद्रभानसाठी रंभाबाईकडे निरोप ठेवला आणि मी नवसीबरोबर निघाले. पाच महिने दाराबाहेर धड न पडलेली मी, तीन कोस चालले. ती पुढे, मी मागे.

तिची झोपडी शेणानं ताजी सारवलेली होती. शिमग्यासाठी, जिवल्यासाठी. नवसी सासूजवळ गेली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि कानाशी तो एक शब्द बोलली. म्हातारीनं जो टाहो फोडला, त्याबरोबर नवसीचाही बांध फुटला. मी दारात उभीच होते.

बऱ्याच वेळानं नवसीनं पदरानं तोंड पुसलं. कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं आणि माझ्यापुढे टाकलं.

"बसा, बाय."

मी उंबऱ्यातच बसले.