तिसऱ्या भागातली नुरा कुस्ती

डायनासोरच्या पिक्चरचा तिसरा भाग अगदीच टुकार होता, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गोष्ट इवलीशी, माणसं बिनडोक, आणि शेवट तर असा की लाइट लागल्यावर लोक एकमेकांना विचारत होते, "संपला व्हय?" सगळं कबूल. पहिल्या भागाची सर त्याला नाही, हेही कबूल. तरीपण माझ्यासमोर त्याला नावं ठेवायची नाहीत. का, ते सांगायचं तर मामांपासून सुरुवात करायला पाहिजे.

आम्ही शहरात, राजारामपुरीत राहायचो आणि मामा-मामी जवळच्या उचगावात. मामांची नोकरी एका कारखान्यात, पण जिल्ह्यात त्यांची ओळख कुस्तीचे निवेदक म्हणून. गावोगावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की हातात माइक घेऊन ते आखाड्यात उभे राहायचे. पैलवान कुणाचा पट्ठा, कुठला डाव टाकला, समोरचा कसा सुटला, सगळं सांगायचे. लांब झाडावर चढून बसलेल्याला आखाडा दिसला नाही तरी मामांच्या आवाजावर कुस्ती कळायची. घरात त्यांनी चहा मागितला की शेजारीण आधण ठेवते, असं मामी म्हणायची. "अवो, जरा हळू बोला की" हे वाक्य तिनं दिवसातून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

मी पाचवीत असताना पहिला भाग लागला. मामा मला घेऊन गेले. पिक्चर हिंदीत होता, पण तो मोठा राक्षस कुंपण तोडून बाहेर आला आणि मामांना राहवलंच नाही. "बघा मंडळी, गडी आखाड्यात उतरलाय! हात आखूड हायत, पण जबड्याचा डाव भारी हाय! आता मागनं येणार, आता पाय धरून पट काढणार!" मी लाजेनं अर्धमेली झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, गप बसा की!" मामा गप्प बसले, आणि दोन मिनिटांनी परत सुरू. गंमत म्हणजे इंटरव्हलनंतर तोच ओरडणारा माणूस जागा बदलून आमच्या शेजारी येऊन बसला. "हां, सांगा आता," म्हणाला.

दुसरा भाग आला तेव्हा मी आठवीत होते. तो लांबला, फार लांबला. मामांनी तासभर वाट बघितली आणि मग भर थिएटरात जाहीर करून टाकलं, "कुस्ती लागंना. नुसती खडाखडीच चाललीया." म्हणजे पैलवान एकमेकांचे हात झटकत गोल फिरत राहतात आणि कुणी भिडत नाही, तसं. अख्खं थिएटर हसलं. त्या पिक्चरबद्दल आजपर्यंत मी वाचलेलं किंवा ऐकलेलं सगळ्यात बरोबर मत तेच आहे.

मी बारावी झाले त्या वर्षी जत्रांचा हंगाम ऐन भरात असताना मामांचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी हळद-दूध, ज्येष्ठमध सांगितलं. मग राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर स्वरयंत्रावर गाठ. मामीनं तेव्हापासून रिपोर्ट येईपर्यंत घास गिळला नाही. गाठ साधी निघाली. ऑपरेशन झालं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, डॉक्टर म्हणाले, आणि मग हळूहळू सुरुवात करायची.

महिना संपला. मामांनी बोलायला तोंड उघडलं आणि आतून फाटक्या पिपाणीसारखा काहीतरी आवाज आला. मी तिथंच होते. त्यांचा चेहरा बघवला नाही मला. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. एक पाटी आणली आणि त्यावर लिहायला लागले. मीठ कमी. पंखा लावा. डॉक्टर सांगून सांगून थकले, "जखम भरलीया. आता बोलला न्हाईसा तर गळा बोलायचं इसरंल." मामा मान हलवायचे आणि घरी येऊन परत पाटी. असे पाच महिने गेले. उचगावातलं ते घर इतकं शांत झालं होतं की मला तिथं जावंसं वाटायचं नाही. खोटं कशाला बोलू.

श्रावणात गडहिंग्लजकडच्या एका गावातून दोघं जण आले, आमंत्रणाचा नारळ घेऊन. दसऱ्यानंतर त्यांच्याकडं मोठं मैदान होतं आणि निवेदनाला मामाच पाहिजेत, असं गावानं ठरवलेलं. त्यांची चाहूल लागताच मामा मोरीत जाऊन बसले आणि आतून कडी घातली. मामी म्हणाली, "घरात न्हाईत." ते म्हणाले, "थांबतो की." आणि बसले तासभर! चहा झाला, पोहे झाले, ऊसदरावर बोलून झालं. शेवटी जाताना नारळ मामीच्या हातात देऊन त्यातला म्हातारा म्हणाला, "त्यांनी न्हाय म्हणायचं असंल तर सोताच्या तोंडानं म्हणूद्यात. तवर नारळ तुमच्याकडं."

ते गेल्यावर मामा बाहेर आले. पाटीवर लिहिलं, 'नारळ परत पाठव.' मामीनं वाचलं, आणि नवऱ्याचा शब्द कधी न मोडणारी ती बाई म्हणाली, "मी न्हाय पाठवणार. फोडायचा का परत करायचा, तुमी सांगा. तोंडानं." आणि रडायला लागली.

मला काय सुचलं असेल? त्याच आठवड्यात डायनासोरचा तिसरा भाग लागला होता. मी स्कूटीवरून उचगावला गेले आणि म्हटलं, "मामा, पहिले दोन तुमच्यासंगं बघितलेत. तिसरा एकटी बघणार न्हाय." त्यांनी पाटी घेतली, मी ती काढून घेतली. म्हटलं, "बोलू नका तुमी. कोण बोला म्हणतंय? नुसतं बसा." मामीनं त्यांचा इस्त्रीचा शर्ट आधीच काढून ठेवला होता.

रविवारचा दुपारचा शो. पहिला अर्धा तास मी पिक्चर बघितलाच नाही, मामांकडेच बघत होते. हाताची घडी, ओठ मिटलेले. पडद्यावर विमान आदळलं, माणसं पळाली, मामा ढिम्म. वाटलं, कशाला आणलं यांना? आधीचे दोन भाग आठवत असतील, आणि त्या आठवणीनं जीव आणखी जळत असेल. माझीच अक्कल शेण खायला गेली होती.

तेवढ्यात पडद्यावर दोघं समोरासमोर आले. एक आपला जुना, आखूड हातांचा, दोन भाग गाजवलेला. दुसरा नवा, त्याच्याहून थोराड, पाठीवर शिडासारखा पंखा. मामा पुढं सरकून बसले. जुन्यानं पहिल्याच झपाट्यात नव्याची मान धरली. थिएटरात शिट्ट्या. मग नव्यानं सुटका करून घेतली, याची मान जबड्यात धरली, पिळली, आणि आपला गडी धाडकन खाली! नवा त्याच्या अंगावर पाय देऊन डरकाळी फोडायला लागला. खेळ खलास. मिनिटभरसुद्धा चालली नसेल कुस्ती.

आणि मामा उठले. भर थिएटरात उभे राहिले.

"पाठ टेकली न्हाय!"

आवाज फुटला, मधेच चिरकला, पण आला. "कुशीवर पडलाय त्यो! खांदं टेकलं न्हाईत! निकाल कसा दिला? पंच कुठं हाय? नुरा कुस्ती हाय ही! आधीच ठरवून केलीया!"

मरून पडलेल्या डायनासोरची पाठ टेकली की नाही, हा विचार तिथं बाकी कुणाच्याच डोक्यात आला नसावा. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बरोबर हाय! कुस्ती परत लावा!" आणि शिट्ट्या, टाळ्या, जो काही दंगा झाला म्हणता! मामा खाली बसले ते बोलतच. नव्या गड्याला वजनगट नाही, जुन्याला तयारीला वेळ दिला नाही, असल्या कुस्तीत मान पिळायला बंदी असते. पुढचा सगळा पिक्चर त्यांनी घोगऱ्या, फाटक्या आवाजात सांगितला आणि मी अंधारात ओढणीनं डोळे पुसत ऐकला. पाच महिन्यांचं ओझं उतरलं माझ्या छातीवरून. पडद्यावर पुढं काय झालं, विचारू नका. मी बघितलंच नाही.

घरी जाताना स्कूटीवर मागं बसून बोलणं चालूच. उचगावच्या कोपऱ्यावर ओळखीचा एक जण भेटला, त्याला थांबवून सगळी तक्रार पहिल्यापासून. दारातून आत शिरतानाही तेच, "अगं, आयक तरी, काय अन्याय झाला त्यो..." मामी परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली.

मामांनी तिच्यासमोर पाट ओढला आणि विमानापासून सुरुवात केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आवाज आणखी बसत चालला, तरी गडी थांबेना. मामीचे डोळे वाहत होते आणि पिठाच्या हातानं पुसताही येत नव्हते. शेवटी ती मोठ्यानं ओरडली, "अवो, गळ्याचा तरी इचार करा! गप बसा की जरा!"