मान हलवली म्हणजे कळलं असं नाही

उर्जाचं पुढे कसं होणार, ही काळजी सुरेखाबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. मुलगी न्युरेम्बर्गमध्येच वाढलेली. लहानपणी मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची. आणि आता तीच मराठीची दुभाषी, तीही कोर्टात शपथ घेतलेली. जर्मनीत घराची खरेदी नोटारसमोर होते. नोटार अख्खा करार मोठ्याने वाचून दाखवतो, मगच सह्या. ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्या शेजारी उर्जा बसते. आज या गावी, उद्या त्या गावी, घशाच्या गोळ्या पर्समध्ये टाकून ही निघालीच.

हिंडण्याची काळजी नव्हती. काळजी तिच्या नियमांची होती. कराराचा मसुदा आधी वाचायला मिळाल्याशिवाय काम घ्यायचं नाही. पासपोर्टावरचं नाव स्वतः ताडून बघायचं. कामाआधी पक्षकारांकडचा चहासुद्धा घ्यायचा नाही.

"अशाने तुला कोणी बोलावेल का गं?"

"अगं आई, म्हणूनच तर बोलावतात!"

त्यात पुष्करचं प्रकरण उपटलं. पुष्कर म्हणजे सुरेखाबाईंच्या नणंदेचा, ऊर्मिलावन्संचा मुलगा. ब्योब्लिंगेनला इंजिनिअर होता आणि तिथेच फ्लॅट घेत होता. वन्संचा पुण्याहून फोन आला तेव्हा सुरेखाबाई लेकीला न विचारताच बोलून बसल्या, "अहो वन्सं, दुभाषी शोधताय कशाला? आपली उर्जा आहे ना!"

उर्जाने ऐकलं आणि हातच जोडले. "घरच्यांचं काम मी घेत नाही."

"घरचं आहे म्हणूनच घ्यायचं!"

"कोणाची बाजू घेणार नाही अशी शपथ आहे माझी. आतेभावाच्या शेजारी बसून जमेल मला ते?" दुभाष्यांच्या संघटनेतल्या फ्राऊ लिंडनरना तिने लगेच विचारूनही टाकलं. नवशिक्या उर्जाला हाताशी धरून त्यांनीच तयार केलं होतं. अजूनही काही अडलं की ती त्यांनाच फोन करायची. पुष्करचं इंग्रजी चांगलं होतं, त्यामुळे त्या इंग्रजीतून काम करायला तयार होत्या. उर्जा म्हणाली, "आमच्यात असंच असतं. जिथे एकीने बसू नये, तिथे दुसरी बसते."

पण सासरच्या माणसांना दिलेला शब्द! "अहो, तुम्ही तरी समजवा तिला," सुरेखाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"शब्द तू दिलास, तूच निस्तर," असं म्हणून जयंतराव सायकल पुसायला निघून गेले.

उर्जाचं पुढचं काम डार्मश्टाटला होतं, म्हणून तिथल्या मैत्रिणीकडे जायचं निमित्त काढून सुरेखाबाई तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत तिला वळवायचा बेत होता. उर्जा गाडीत सगळा वेळ मसुदा वाचत बसली आणि बेत बारगळला. नोटारकडे पोचल्यावर सुरेखाबाई बाहेर बसल्या, पण आत घर घेणाऱ्या जोडप्याचं बाळ किंचाळायला लागलं. बाळाची आई अन्वी बाहेर येऊन अजिजीने म्हणाली, "काकू, जरा घ्याल का? माझ्या नजरेसमोर मात्र हवा हो." उर्जाने नोटारला विचारलं, घर विकणाऱ्या आजोबांना विचारलं, सगळ्यांनी होकार दिला, तेव्हा कुठे सुरेखाबाईंना आत येऊ दिलं.

नोटार वाचत होता, उर्जा थांबवून थांबवून मराठीत सांगत होती. अन्वीचा नवरा शिरीष प्रत्येक वाक्याला म्हणायचा, "कळलं, कळलं. पुढे." अन्वी नुसती मान हलवायची.

उर्जाने हात वर करून नोटारला थांबवलं. "अन्वीताई, मान हलवली म्हणजे कळलं असं मी धरत नाही. आत्ताचं वाक्य काय होतं?"

"तिला मी घरी समजावेन," शिरीष घाईने म्हणाला.

"तुम्ही समजवा. पण सही त्यांचीही आहे, म्हणून मी परत सांगते. घराबरोबर स्वयंपाकघराचं सामान येत नाही. ओटा, कपाटं, शेगडी, सगळं विकणारे काढून नेणार."

"ओटासुद्धा?" अन्वी नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"इथे तशीच पद्धत असते. मी सांगणारच होतो."

"कधी? मी पोळ्या लाटायला उभी राहिल्यावर?"

बाळसुद्धा रडायचं थांबलं. अन्वी सुरेखाबाईंकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा, करू का सही?"

सुरेखाबाईंच्या ओठांवर "मुळीच नको" अगदी आलं होतं. उर्जाने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सुरेखाबाईंनी पटकन बाळापुढे खुळखुळा धरला.

"ते आम्ही कोणी सांगायचं नाही," उर्जा शांतपणे म्हणाली. "तुम्हाला जे विचारायचंय ते विचारा, मी जसंच्या तसं पोचवते."

अन्वीने धीर करून ओटा मागितला. आजोबा मोठ्याने हसले. नव्या जागेत त्यांचा तो मावतच नव्हता. काढायला माणूस कुठून आणायचा, याचीच त्यांना पंचाईत पडली होती. नोटारने हाताने एक ओळ वाढवली, तीही मोठ्याने वाचली, उर्जाने मराठीत सांगितली, आणि सह्या झाल्या. जाताना अन्वीने काकूंना पहिल्या पोळीचं आमंत्रण दिलं.

स्टेशनवर सुरेखाबाईंच्या मनात नोटारची ती खोलीच होती. समोर पुष्कर असता तर? त्याने विचारलं असतं, "उर्जा, तू सांग, करू ना सही?" पुण्याहून वन्सं फोनवर असत्या, आणि मागून आपणच म्हटलं असतं, "अगं सांग ना, घरचाच आहे!" मग पोरीने कोणाकडे बघायचं होतं?

"त्या लिंडनरबाईंचा नंबर दे, वन्संना कळवते," त्या म्हणाल्या.

"आत्याला मी समजावते, आई. तुला ओरडा बसेल."

"बसू दे. मी बोलून बसले, मीच सांगते."

"आत्ता? अगं, गाडी येतेय!"

"येऊ दे. ती गेली तर दुसरी मिळेल. माझा धीर गेला तर परत यायचा नाही." आणि सुरेखाबाईंनी वन्संचा नंबर लावला.