तिन्हीसांजेला आडवं होऊ नये

लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या आमच्या खोलीत तिन्हीसांजेला कुणी आडवं झालेलं आईला चालत नाही. ती लक्ष्मी यायची वेळ. वडील कापड विणायच्या लूमवर रात्रपाळी करायचे, तेव्हा दिवसभर झोपलेल्या त्या माणसाला ती दिवे लागायच्या आत गदागदा हलवून उठवायची. पाळी सातची, त्यामुळे तेव्हा ते सोयीचंच होतं.

यंदा वडील अंथरुणाला खिळले. छातीत पाणी, पाठीला जखमा. तरी रोज संध्याकाळी एका बाजूने आई, दुसऱ्या बाजूने मी, असं त्यांना उचलून बसतं करायचो. पाठीशी उशा लावल्या की मग आई दिवा लावायची. अर्धा तास ते कण्हत बसायचे. त्या वेळी पडून राहतं ते मढं, असं ती मानते. बसतात तोवर ते आपले आहेत, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

मला ते बघवेना. त्यात मी मराठीत बी.ए. केलेली, अक्कल पाजळायची खोड जुनी. एकदा सुनावलंच, "अगं, सांज म्हणजे संध्या. संध्या म्हणजे जोड. दिवस आणि रात्र जिथे सांधतात ती जागा. त्याआधीचं 'तिन्ही' कुठून आलं यावर शिकलेल्यांचंही एकमत नाही. पण यात लक्ष्मी कुठेय आणि मरण कुठेय?"

"तुना शबद तुनापान ठेव," ती म्हणाली आणि उशी माझ्या हातात कोंबली.

गेल्या मंगळवारी आई औषध आणायला गेली होती. उजेड विझत आला. खालच्या लूमचा खडखडाट पाळी बदलताना जरा थांबला. मी वडिलांच्या काखेत हात घातला, तर ते म्हणाले, "आज ऱ्हाऊ दे व माय. माले पडू दे."

जन्मात कुणापुढे हात न पसरलेला बाप मला विनवत होता. मी हात काढून घेतला. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं.

आई आली आणि दारातच थांबली. आता कडाडणार, म्हणून मी तयारीत होते. पण तिने पिशवी खिळ्याला अडकवली, चपला काढल्या आणि दिवा न लावताच वडिलांच्या शेजारी, त्या अरुंद खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडली.

मी घाबरले. तिचा खांदा हलवायला लागले.

"आई, ऊठ ना. तिन्हीसांज झालीय."

ती जागीच होती, पण उठली नाही.