दाजींची कॉइल कोणी भरली?

आधीच सांगतो, मी मोटर वायंडिंगवाला माणूस. करंट डोळ्यांना दिसत नाही, पण टेस्टर लावून दाखवता येतो. जे दाखवता येत नाही ते मी मानत नाही... म्हणजे, मानत नव्हतो.

जळगावात आमचं दुकान आहे, जळालेल्या पाणबुडी मोटरी भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून द्यायचं. आबांनी, म्हणजे वडिलांनी सुरू केलेलं. त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून ते दिवसभर दुकानातच खाटेवर असतात. गिऱ्हाईक म्हणतं, आबांचा हात सुनीलकडे आला. आबा स्वतः मात्र हे कधी म्हणाले नाहीत, आणि मी त्याचीच वाट बघत होतो.

माझे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवतात. प्रदर्शनासाठी त्यांनी टेस्ला कॉइल करायला घेतली — हवेत विजेसारखी ठिणगी फेकणारा घरगुती ट्रान्सफॉर्मर. मग मीही घेतली, का नाही? पीव्हीसी पाईपवर केसासारखी बारीक तार, वेढ्याला वेढा चिकटून, एकच थर. एक वेढा दुसऱ्यावर चढला की काम बिघडलं. हे काम माझं, मास्तरांचं नाही. दाजींना सेलोटेपचं टोक सापडत नाही.

त्या रविवारी दुपारभर मी दुकानात कॉइल भरत बसलो. मध्ये हात सोडला तर तार ढिली पडते, म्हणून जागचा हललो नाही. आबा समोरच झोपलेले होते.

संध्याकाळी धुळ्याहून अक्काचा फोन. "आबा घर पोचनात का रे?"

मला वाटलं, आबा घरी पोचले का विचारून चेष्टा करतेय. पण ती सांगत सुटली... आबा एसटीने एकटेच आले, ओट्यावर बसून दाजींची कॉइल भरून दिली, बिनसाखरेचा चहा घेतला. दाजी रिक्षा बघायला गेले तोवर निघूनही गेले. आणि हो, उजव्या हातानेच भरली. हात बरा झाला म्हणून ती आनंदाने रडली होती.

दुसऱ्या दिवशी धुळे गाठलं. खरं सांगू? मला ती कॉइल बघायची होती. वेढे इतके सारखे की पाईप तांब्याचाच वाटावा. आणि तारेची टोकं केळीच्या वाळक्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीने बांधलेली. आम्ही मूळचे चोपड्याकडचे, केळीवाले. आबांनी टोकाला टेप कधी लावलाच नाही. धुळ्यात दाजींच्या घरी सोपट कुठून येणार? दाजींनी बटण दाबलं आणि हातभर निळी ठिणगी निघाली. माझ्या कॉइलने सकाळी नुसती चरचर केली होती.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. आंघोळ मी घालतो, घास मी भरवतो, आणि हात चालला तो जावयासाठी.

घरी येऊन मी आबांना थेटच विचारलं. आजारानंतर ते फार बोलत नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यानी सांगं, माले जमत नही. तू कधी सांगं का?" नव्हतं सांगितलं, कधीच.

डॉक्टरांना हात दाखवला. ते म्हणतात, होता तसाच आहे, बोटही हलणार नाही.

परवा मी माझी कॉइल पूर्ण उलगडली. रिकामा पाईप आबांच्या उशाशी ठेवला आणि मोठ्याने म्हणालो, "आबा, माले जमत नही."

त्यांचे डोळे मिटलेले होते, श्वास संथ चालू होता. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग धुळ्याला अक्काला फोन लावला — आबा तिकडे आलेत का, विचारायला.