बिकॉज कुठं बसवायचा

केजच्या बसस्टँडमागं एका दुकानावरच्या खोलीत वर्षाराणी दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवायची. एम.ए. झालेली होती, लग्न ठरायचं होतं. तिचा हातखंडा विषय म्हणजे वाक्यं जोडणं. दोन तुटक वाक्यं फळ्यावर लिहायची आणि पोरांना म्हणायची, "आता सांगा, मधी काय बसवायचं? बिकॉज, दो, सो, का व्हेन?" पोरं अंदाजे ओरडायची. ती बरोबर उत्तराखाली रेघ मारायची आणि पुढं जायची. या प्रश्नावर तिच्या क्लासातल्या पोरांचे गुण सहसा जात नसत.

ती स्वतः ऊसतोड्यांची पोर. तिचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कर्नाटकातल्या कारखान्यावर जायचे आणि ती गावात आजीपाशी राहायची. दहावीत तिला इंग्रजीत चांगले गुण पडले, तेव्हा आईनं, चंद्रभागाबाईनं, म्हटलं, "आता बास. आमी न्हाई जात." तेव्हापासून वडील केजच्या बाजारात हमाली करायचे.

उन्हाळ्यात हैदराबादच्या विद्यापीठातल्या एक मॅडम ऊस तोडणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहायला आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं. कॉलेजच्या उत्तरेश्वर सरांनी वर्षाराणीचं नाव सुचवलं. काम सोपं वाटलं. बायका बोलायच्या, मॅडम मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आणि नंतर वर्षाराणी ते इंग्रजीत लिहून द्यायची.

त्यात एक होत्या भिवराबाई. केजपासून जीपनं जेमतेम अर्ध्या तासावर त्यांचं गाव. पन्नाशीच्या, बारीक, बोलताना नजर दुसरीकडंच. त्या एक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. मग दुसरं. मधल्या जागेत काही नाही.

"सासू गेली. दिराचा फोन आला. आमचं मालक निघाले. म्या ऱ्हायले. मुकादम दोघांला सोडत न्हाई. म्या त्या दिशी लई ऊस तोडला."

वर्षाराणीनं घरी बसून ते लिहिलं. सहा तुकडे तसेच ठेवले तर पहिलीतल्या पोरानं लिहिल्यासारखं दिसत होतं. तिनं हातासरशी जोडले. 'मुकादमानं जाऊ दिलं नाही म्हणून सासू वारली तरी मी मागं राहिले,' असं एक लांब, गुळगुळीत इंग्रजी वाक्य झालं. बिकॉज अगदी नेमका बसला होता. मॅडमचा लगेच फोन आला. "हे फार जबरदस्त आहे. प्रकरणाची सुरुवात यानंच करू. फक्त छापायच्या आधी प्रत्येकीला वाचून दाखवायचं हं."

वाचून दाखवायला वर्षाराणी गावात गेली. भिवराबाई ओट्यावर सुपात डाळ पाखडत होत्या. तिनं इंग्रजी वाक्य मराठी करून सांगितलं. सूप थांबलं.

"आगं माय, धर्मराजनं कवा अडवलं मला?"

धर्मराज म्हणजे त्यांच्या टोळीचा मुकादम. त्याच गावचा, दोन घरं सोडून राहणारा.

"तुम्हीच म्हणालात की मावशी, मुकादम सोडत न्हाई म्हणून."

"सोडतच न्हाई. दोघांला कुनाला सोडतंय त्यो? नवरा-बायकोची जोडीच गेली की कोयता बसून ऱ्हातोय."

"मग तेच झालं ना. तुम्हाला सोडलं नाही."

"म्या इचारलंच न्हाई त्याला." भिवराबाईंनी आवाज खाली आणला. "आन हे पुस्तकात आलं आन कुनी वाचून दावलं धर्मराजला, तर? उद्या त्याच्याच टोळीत जायचंय आमाला."

"बरं, मी बदलते. मग तुम्ही राहिलात कशामुळं?"

"कशामुळं मंजी? ऱ्हायले."

परतीच्या जीपमध्ये वर्षाराणी खिडकीशी बसली आणि डोक्यात बिकॉज काढून दुसरे शब्द बसवू लागली. 'सो' घातला की वाटायचं, नवरा गेला म्हणून भिवराबाईंनी कोयता धरला, घरच्या काळजीनं. 'दो' घातला की वाटायचं, सासू मेली तरी हिला काहीच वाटलं नाही. 'व्हाइल' घातला तर नवरा तिकडं रडतोय आणि ही इकडं ऊस तोडतेय. प्रत्येक शब्दाला भिवराबाई निराळ्याच. आणि 'सोडत नाही', 'सोडलं नाही', 'सोडलं नसतं' ही तीन वेगवेगळी होती, हे ती रोज पोरांना शिकवत होती. स्वतः लिहिताना मात्र पहिल्याचं दुसरं कधी झालं, ते तिला कळलंच नव्हतं.

तिनं उत्तरेश्वर सरांना फोन लावला. सर जेवत होते.

"व्याकरणानं सगळीच बरोबर आहेत," सर म्हणाले. "बिकॉज काय, अॅज काय, सिन्स काय. परीक्षेत कशालाही गुण देतात."

"सर, पण खरं कोणतं?"

"ते व्याकरणात कुठून येणार?" सर म्हणाले आणि भाजी वाढायला सांगू लागले.

मॅडमनी फोनवर तोडगा काढला. "'सोडलं नसतं' असं करा. तिनं विचारलं नाही, कारण तिला माहीत होतं तो सोडणार नाही. सरळ आहे."

ते ऐकताना सरळ वाटलं. फोन ठेवल्यावर पुन्हा वाकडं झालं. ते भिवराबाईंना माहीत होतं, असं ठरवणारी ती कोण? ती पुन्हा जीपमध्ये बसली.

या खेपेला भिवराबाईंनी चहा केला. वर्षाराणीनं कप हातात धरूनच विचारलं, "मावशी, तुम्ही धर्मराजला विचारलं असतं, तर त्यानं सोडलं असतं का?"

"सोडलं बी असतं. सासूच मेलती. त्यो काय इतका वंगाळ न्हाई."

"मग का नाही विचारलं?"

"तेच तर मलाबी उमगंना." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "सासूनं मला लई बोललेलं हाय. पोरी झाल्या तवा तर लईच. पन त्याच पोरी तिनंच संभाळल्या की, आमी कारखान्यावर असताना. राग म्हनावं तर राग बी न्हाई. मालक गेलते पिशवी घेऊन. म्या उभी ऱ्हायले. मंग उसाच्या फडात गेले. तू आता सारखं इचारायलीस म्हनून मी इचार करायले. त्या दिशी काय इचार केला न्हाई."

वर्षाराणी घरी आली ती डोक्याचा गुंता करून. आणि त्या गुंत्यातून भलतंच काहीतरी वर आलं.

ती आठ वर्षांची असताना तिला विषमज्वर झाला होता. आजीनं तिला खाटेवर टाकून केजच्या दवाखान्यात नेलं होतं. आई आली नव्हती. 'मुकादमानं सोडलं नाही, म्हणून आई आली नाही.' हे तिला लहानपणापासून पाठ होतं. कुणी सांगितलं होतं, ते आठवत नव्हतं. भिवराबाईंच्या वाक्यात तो बिकॉज इतक्या झटक्यात का बसला, ते आता तिच्या ध्यानात आलं. तिच्याकडं तो तयारच होता.

चंद्रभागाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"आई, मला विषमज्वर झालता तेव्हा तू का नाही आलीस?"

"कवा?"

"मी तिसरीत होते. दवाखान्यात ठेवलं होतं मला."

आईनं हात थांबवला. "तू दवाखान्यात व्हतीस?"

"तुला माहीत नाही?"

"आमाला कुनी कळवलंच न्हाई." भाकरी तव्यावर करपू लागली, तरी आईचं लक्ष नव्हतं. "आजीनं सांगितलं, पोर थोडी कणकणली व्हती. किती दिस व्हतीस गं?"

"आठवत नाही."

"मंग तुला कुनी सांगितलं, मी आले न्हाई म्हनून?"

मुकादमाला विचारलंच नव्हतं, कारण विचारायचं काय ते आईला ठाऊकच नव्हतं. मग वर्षाराणी इतकी वर्षं रागावली होती कुणावर? मुकादमावर? का आईवर, मुकादमाचं नाव घेऊन? आई उठून तिच्याजवळ बसली आणि पिठाच्या हातानंच तिच्या कपाळाला हात लावून बघू लागली, जणू ताप अजून असेल. वर्षाराणीला हसावं का रडावं कळेना. ती म्हणाली, "भाकरी बघ आई."

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना नवं पान पाठवलं. सहाची सहा वाक्यं सुटी, प्रत्येकापुढं पूर्णविराम. शेवटी दोन वाढवली होती: मी मुकादमाला विचारलं नाही. का नाही विचारलं, ते मला माहीत नाही.

मॅडमचा फोन आला. "ही वाक्यं फार तुटक आहेत. वाचणारा गोंधळेल. मधे काहीतरी घाला ना."

"मधे काही नाही मॅडम."

"काहीच नाही?"

"मला सापडलं नाही. त्यांनाही नाही."

मॅडम म्हणाल्या, राहू द्या तसंच. पण प्रकरणाची सुरुवात मात्र त्यांनी दुसऱ्या बाईच्या बोलण्यानं केली.

वर्षाराणी परत भिवराबाईंकडं गेली आणि सगळं सावकाश वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. धर्मराजचं नाव नाही, याची खात्री करून घेतली. मग मान हलवली.

"हां. असंच झालं." पुढं त्यांनी विचारलं, "पन पोरी, ह्यात मी वंगाळ दिसते का गं?"

"मला नाही कळत, मावशी," वर्षाराणी म्हणाली.

"मलाबी न्हाई कळत," भिवराबाई म्हणाल्या, आणि तिला जेवूनच जा म्हणून आत घेऊन गेल्या.