रिकाम्या विमानात मामा

चिकलठाण्याच्या विमानतळावर माझ्या मामांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "तूच जाऊन ये दिल्लीला. माघारी मेंढरं हायेत." पैठणजवळच्या खेड्यात साठ वर्षं काढलेला हा माणूस चार वर्षांत दिल्लीतल्या लेकीच्या घरी एकदाही गेला नव्हता. आता तिला मुलगी झाली होती, म्हणून मी त्यांना जवळजवळ ढकलतच आत नेलं.

विमान निम्मं रिकामं. मामा खूश. "हलकं हाय, झपकन पोचंल." अजिंठ्याचे डोंगर मागे पडले आणि विमान असं गदगदा हललं, की मामांच्या मुठीत माझ्या घड्याळाचा पट्टा तुटला.

पलीकडे बजाजनगरचे एक गृहस्थ होते, विमानदुरुस्तीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले. म्हणाले, "हलकं आहे म्हणूनच उसळतंय, मामा. वाऱ्याचा झोत तेवढाच, वजन कमी, म्हणून हिसका जास्त."

"म्हंजी आमच्या रिकाम्या टेम्पोवानी?"

"अगदी! पण पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कुणाचे तुटतात?"

"भरलेल्याचे."

"तसंच. पोटात जास्त माल भरला, की पंखांच्या मुळाशी ताण वाढतो. म्हणून तर वजनाला मर्यादा."

मामांनी एवढंच ऐकलं, की वजन हवं. त्यांनी धपाट्यांचा (ज्वारीच्या तिखट, थापलेल्या भाकऱ्यांचा) डबा उघडला आणि पुढच्या-मागच्यांना वाटायला घेतला. "खा, खा! इमान जड होऊ द्या."

दोन धपाटी संपवून गृहस्थ म्हणाले, "डब्यातलं पोटात गेलं, मामा. विमानाचं वजन तेवढंच!"

"मग खायाच्या आधी सांगायचं की!"

दिल्लीत नात हातात घेतल्यावर मामांनी तिला अर्धा तास खाली ठेवलंच नाही. लेक डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

चार दिवसांनी परतताना विमान खच्चून भरलेलं. वाटेत हिसके बसले, पण जरा बेतानं. तरी मामांचा जीव आता पंखात अडकला. "टोक वर-खाली व्हतंय रं!"

"ते लवायलाच बनवलंय," मी ऐकीव ज्ञान पाजळलं.

"आसंल. पर म्या नजर काढली आन् तुटलं तर?" पाणीसुद्धा त्यांनी पंखाकडे बघतच प्यायलं.

उतरल्याबरोबर लेकीला फोन. "पोचलो गं. दिवाळीला तुझ्या आईला घिऊन येतो. व्हय, इमानानंच!"

मी आजवर पुष्कळदा विमानात बसलो, तो पेपर वाचत नाहीतर पेंगत. या खेपेला मात्र, खरं सांगतो, अर्ध्या वाटेपासून मीही पंखावरची नजर काढली नव्हती.